चेतातंतूचा वेग २८ मीटर प्रति सेकंद म्हणजे नेमके काय?

मुठाकाठ:

नमस्कार. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी आणि एकूणच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बारी सिंड्रोमचे, रुग्ण एकामागून एक सापडू लागले होते, हे पुण्यातील वाचकांना आठवत असेल. माझे धाकटे मामा त्या रुग्णांपैकी एक. धायरीत त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. आधी तीन दिवस जुलाब झाले, ते थांबले, आणि आठ-दहा दिवसांनी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढताना गुडघ्यांतून बळ गेले आणि चौथ्या दिवशी सकाळी दुकानाचे शटर वर ढकलताना हातही वर उचलेनात. इस्पितळात डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहिले. माझ्यासमोर तीनदा ठोकले, पण पाय जागचा हलला नाही. या सगळ्या काळात मामांची बुद्धी मात्र लख्ख होती. उधारीच्या वहीतील कोणाकडून किती येणे आहे, हे ते मामींना अंथरुणावरून न चुकता सांगत होते.

उपचार झाले, मामा आता घरी आहेत आणि व्यायाम चालू आहेत. माझा प्रश्न उपचारांविषयी नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातापायांतील चेतातंतूंची तपासणी झाली, तिचा अहवाल माझ्याकडे आहे. त्यात डाव्या पायाच्या एका चेतातंतूपुढे ‘२८ मीटर प्रति सेकंद’ असे लिहिले असून हा वेग ४० पेक्षा अधिक असायला हवा, असे डॉक्टरांनी सांगितले. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. शरीरातील संदेश विजेचे असतात एवढे शाळेत शिकले होते. वीज तर डोळ्याचे पाते लवण्याआधी कुठल्या कुठे पोहोचते, मग ४० मीटर हा निरोगी माणसाचा वेग कसा? ही वीज वाहते तरी कशातून? आणि मेंदू शाबूत असताना पायच आधी का गेले? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नारायणपेठकर:

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, म्हणून रचनेचा भाग सांगतो. विजेचा भाग जाणकारांनी सांगावा.

आधी एका शब्दाविषयी. आपण सर्रास ‘नस दबली’, ‘शीर आखडली’ असे म्हणतो आणि तोच ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो, त्यामुळे अनेकांच्या मनात चेतातंतू म्हणजे पोकळ नळी आणि तिच्यातून काहीतरी वाहते असे चित्र असते. वर्तमानपत्रांतील मज्जातंतू आणि पाठ्यपुस्तकांतील चेतातंतू हे एकच. पायातील एखादी जाड चेता, उदाहरणार्थ जिच्या दुखण्याला आपण सायटिका म्हणतो ती, आडवी कापली तर आत पोकळी दिसत नाही. वेष्टनात बांधलेल्या जुड्या दिसतात आणि प्रत्येक जुडीत केसाहूनही बारीक असे हजारो तंतू असतात.

यातील प्रत्येक तंतू हा एका जिवंत पेशीचा लांबवलेला भाग असतो. चेतापेशीला तीन भाग असतात. पेशीकाय, म्हणजे केंद्रक असलेले मुख्य शरीर; संदेश गोळा करणाऱ्या वृक्षिका; आणि संदेश पुढे नेणारा एकच अक्षतंतू. तुमच्या मामांच्या पावलातील स्नायू हलवणाऱ्या पेशीचे शरीर पावलात नसते, ते पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूत असते. तेथून निघालेला तिचा अक्षतंतू सलग सुमारे एक मीटर खाली येतो. प्रमाण लक्षात यावे म्हणून मी मुलांना सांगत असे की, ते पेशीकाय बेसनाच्या लाडवाएवढे मोठे करून शनिवारवाड्यापाशी ठेवले, तर त्याचा अक्षतंतू करंगळीएवढ्या दोरीसारखा थेट मंडईपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर जाईल. या दोरीच्या दुसऱ्या टोकाला लागणारी प्रथिने बहुतांशी लाडवातच तयार होतात आणि दोरीच्या आतून वाहून नेली जातात. एवढ्या अंतरावरचा संसार सांभाळणारी दुसरी पेशी आपल्या शरीरात नाही.

आता मोठी विभागणी. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी बहुसंख्य, सुमारे ६९ अब्ज, डोक्याच्या मागील भागातील लहानशा अनुमस्तिष्कात दाटीवाटीने बसलेल्या असतात. मेरुरज्जू करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो, आणि तो कण्याच्या टोकापर्यंत न जाता कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. मेंदूतून १२ आणि मेरुरज्जूतून ३१ जोड्या चेता बाहेर पडतात, त्यांच्या जाळ्याला परिघीय चेतासंस्था म्हणतात. हृदयाची गती, रक्तदाब आणि आतड्यांची हालचाल आपल्या इच्छेवाचून चालवणारी स्वायत्त चेतासंस्था याच जाळ्याचा एक भाग आहे. म्हणून या आजारात काही रुग्णांचा रक्तदाब अचानक वर-खाली होतो.

जीबीएस हा मुख्यतः या परिघीय जाळ्याचा आजार आहे. मामांना उधारीचे आकडे का आठवत होते, याचे उत्तर या विभागणीत आहे.

तारजोडणी:

मी आयुष्यभर वीजवाहिन्यांवर काम केले आहे, त्यामुळे मूळ प्रश्नाला जोडून माझाही एक प्रश्न. तांब्याच्या तारेतून संदेश प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने जातो. चेतातंतूभोवती मायलिनचे आवरण असते आणि ते विद्युतरोधक असते, असे वाचले आहे. मग हा तंतू म्हणजे आमच्या भाषेत आवरण असलेली केबल झाली. आवरण खराब झाले तर गळती व्हावी, संदेश क्षीण व्हावा हे समजते, पण वेग कमी का व्हावा?

शरीरक्रिया:

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्र देते, कारण ते एकाच गैरसमजापाशी येऊन थांबतात. चेतातंतू ही केबल नव्हे, आणि केबल म्हणून तो अगदीच टाकाऊ आहे. आतील द्रवाचा विद्युतरोध तांब्याच्या कित्येक पटींनी जास्त, तंतूची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी आणि भोवतालचे पटल गळके. अशा तंतूच्या एका टोकाला विद्युतदाबाचा बदल केला तर तो एक-दोन मिलिमीटरांतच विरून जातो. कमरेतून पावलापर्यंत एक मीटर जाण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही तो पोहोचतो, कारण वाटेत प्रत्येक ठिकाणी तो नव्याने निर्माण केला जातो. दिवाळीतील लवंगी फटाक्यांची माळ डोळ्यांसमोर आणा. पहिल्या फटाक्याची ऊर्जा शेवटच्या फटाक्यापर्यंत जात नाही. प्रत्येक फटाका शेजारच्याला फक्त पेटवतो आणि तो स्वतःच्या दारूवर फुटतो, म्हणून शेवटचा आवाज पहिल्याइतकाच मोठा असतो. चेतातंतूत ही दारू आधीच भरून ठेवलेली असते. पेशीच्या पटलात असलेला एक पंप सतत तीन सोडियम आयन (विद्युतभारित अणू) बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. हा पंप डॅनिश शास्त्रज्ञ जेन्स स्कू यांनी १९५७ मध्ये दाखवून दिला. त्यामुळे बाहेर सोडियमची आणि आत पोटॅशियमची रेलचेल असते. पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपत राहते, आणि परिणामी पेशीची आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. आकडा किरकोळ वाटेल, पण पटलाची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी असते. तारजोडणी यांनी भागाकार करून पाहावा, हे विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट एवढे भरते. मीटरला तीस लाख व्होल्टच्या आसपास कोरड्या हवेत ठिणगी पडते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल.

या पटलात सोडियमसाठी लहान दारे असतात आणि ती विद्युतदाब ओळखतात. आतील दाब उणे ७० वरून उणे ५५ च्या आसपास, म्हणजे उंबरठ्यापर्यंत, आला की ती उघडतात, सोडियम आत घुसतो, दाब आणखी चढतो, त्यामुळे आणखी दारे उघडतात, आणि एका मिलिसेकंदाच्या आत आतील बाजू उणेची अधिक ३० ते ४० मिलिव्होल्ट होते. लगेच सोडियमची दारे आपोआप बंद होतात, पोटॅशियमची दारे उघडतात आणि पोटॅशियम बाहेर जाऊन दाब पूर्ववत होतो. यालाच चेता-आवेग म्हणतात. प्रत्येक आवेगानंतर पंप सगळे पूर्वस्थितीला आणतो, असे विद्यार्थी वारंवार लिहितात, ते बरोबर नाही. एका आवेगात इतके थोडे आयन इकडेतिकडे होतात की जाड तंतूतील साठ्यावर त्याचा परिणाम नगण्य असतो. पंपाचे काम दीर्घकाळाचे आहे. मात्र ते महाग आहे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळी शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो, त्यातील मोठा वाटा अशा पंपांवर खर्च होतो.

ही यंत्रणा ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ मध्ये गणितासह मांडली आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रयोगासाठी त्यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याचा अक्षतंतू घेतला होता, कारण तो अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या आत तार घालता येते. त्या तंतूवर मायलिन नसते आणि त्याचा वेग सेकंदाला २० ते २५ मीटर असतो. आपल्या शरीरातील सर्वांत वेगवान तंतू त्याच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक असूनही सेकंदाला १०० मीटरच्या पलीकडे जातात. मायलिनशिवाय वेग तंतूच्या जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे वेग चौपट करायचा तर जाडी सोळापट हवी. आपला एकेक तंतू बोटाएवढा जाड झाला असता आणि कण्यात मेरुरज्जू मावलाच नसता.

मायलिन हे काम कसे करते? श्वान पेशी नावाची पेशी अक्षतंतूच्या सुमारे एक मिलिमीटरच्या तुकड्याभोवती स्वतःला पुन्हा पुन्हा गुंडाळून घेते. चपातीला तेल लावून तिची घट्ट गुंडाळी करावी तसे स्निग्ध पटलांचे थरावर थर बसतात. दोन तुकड्यांच्या मध्ये जराशी उघडी फट राहते, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात आणि सोडियमची दारे तेथे खच्चून भरलेली असतात. आवेगाला आता प्रत्येक ठिकाणी नव्याने पेटावे लागत नाही. आवरणाखालून विद्युतदाबाचा बदल जवळजवळ तत्क्षणी पुढच्या गाठीपर्यंत पसरतो आणि तेथे नवा आवेग पेटतो. खरा वेळ दारे उघडण्यात जातो, आणि मायलिनमुळे ती कमी ठिकाणी उघडावी लागतात. तारजोडणी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे. आवरण फाटले की बदल वाटेत गळतो, पुढच्या गाठीपर्यंत तो क्षीण होऊन पोहोचतो, तिचा दाब उंबरठ्याला पोहोचायला उशीर लागतो आणि अशा शेकडो गाठींवरचे विलंब एकत्र जोडले जातात. गळती फारच झाली तर पुढची गाठ पेटतच नाही आणि संदेश तेथेच संपतो. मामांचे हात उचलेनात ते मुख्यतः या दुसऱ्या कारणाने.

आता अहवालातील आकडा. या तपासणीत घोट्यापाशी विजेचा छोटा झटका देऊन पावलावरील स्नायू किती वेळाने हलतो ते मोजतात, मग गुडघ्याच्या बाहेरील बाजूस त्याच चेतेला झटका देऊन पुन्हा मोजतात. दोन वेळांची वजाबाकी करायची आणि दोन ठिकाणांमधील अंतर टेपने मोजून त्या फरकाने भागायचे. वजाबाकी आवश्यक असते, कारण तंतूच्या टोकापासून स्नायूपर्यंत जाण्यात जो वेगळा वेळ लागतो तो त्यामुळे दोन्हीकडून निघून जातो. हीच युक्ती जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतेवर वापरली होती. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांना हा वेग मोजताच येणार नाही असे वाटत असे. शिष्याला तो सेकंदाला सुमारे २७ मीटर मिळाला. आम्ही विद्यार्थी असताना धूर दिलेल्या काळ्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर हा प्रयोग करत होतो. बेडकाचा स्नायू आकसला की सुई काजळीवर पांढरी रेघ ओढत असे, आणि दोन रेघांमधील अंतर कंपासने मोजताना माझा हात थरथरत असे. आता तो प्रयोग संगणकावर दाखवतात. मुठाकाठ, तुमच्या अहवालात दोन वेळा आणि अंतर हे आकडेही असतील, ते पाहावेत.

मुठाकाठ:

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. अहवाल पुन्हा काढून पाहिला. घोट्यापासून ८.२ मिलिसेकंद, गुडघ्यापासून १९.६ मिलिसेकंद आणि अंतर ३२० मिलिमीटर. वजाबाकी ११.४, आणि भागाकार केल्यावर २८ आला. इतके दिवस हा आकडा फक्त वाचत होते, आज तो कुठून आला ते कळले. तपासणीपूर्वी मामांच्या पायांवर गरम पाण्याची पिशवी बराच वेळ ठेवली होती, ती का, हेही विचारायचे आहे. आणि हातोडीने ठोकल्यावर पाय का हलला नाही? त्या वेळी ते मांडी थोडीफार उचलू शकत होते. शक्ती शिल्लक असताना ती साधी हालचाल का गेली? पायच आधी का गेले, हा प्रश्नही राहिला आहे.

शरीरक्रिया:

पिशवीचे कारण सोपे आहे. दारांचे उघडणे-मिटणे ही रासायनिक क्रिया असल्यामुळे थंडीत ती मंदावते. पाय एक अंश थंड असेल तर वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरने कमी येतो. जानेवारीतील पुण्याच्या सकाळी पाय न शेकता तपासणी केली, तर निरोगी माणूसही आजारी ठरेल.

हातोडीचा प्रश्न मला फार आवडला. गुडघ्याखालील स्नायुबंधावर ठोकले की मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो. ताण ओळखणाऱ्या तंतूंतून संदेश मेरुरज्जूत जातो, तेथे तो थेट स्नायू हलवणाऱ्या पेशीला दिला जातो आणि परत येऊन पाय उडवतो. मेंदूचा यात सहभाग नाही. सगळा प्रवास सेकंदाच्या एका लहानशा अंशात पूर्ण होतो. मात्र एकच संदेश मेरुरज्जूतील पेशीला पेटवू शकत नाही. हातोडीच्या एका ठोक्याने शेकडो तंतूंत एकाच क्षणी आवेग निघतात आणि ते जवळजवळ एकत्र पोहोचले तरच त्यांची बेरीज उंबरठा ओलांडते.

गणेशोत्सवात ढोलपथक वाजते तेव्हा पन्नास टिपरू एकाच वेळी पडतात, म्हणून तो ठोका छातीत जाणवतो. तेवढेच ढोल, तेवढ्याच जोराने, पण प्रत्येकाने थोडे मागे-पुढे वाजवले, तर ठोका उरत नाही, नुसता गलका होतो. या आजारात सगळ्या तंतूंवरचे मायलिन सारखे नष्ट होत नाही. कुठे दहा तुकडे नष्ट होतात, कुठे शंभर. प्रत्येक तंतूचा विलंब वेगळा होतो, संदेश विखरून पोहोचतात आणि मेरुरज्जूतील पेशीपर्यंत ठोकाच जात नाही. मांडी उचलताना मात्र मेंदू आवेगांचा प्रवाह सतत पाठवत राहतो, त्याला अशा नेमक्या वेळेची गरज नसते. म्हणून या आजारात बरीचशी शक्ती शिल्लक असतानाही प्रतिक्षिप्त क्रिया जाऊ शकते आणि डॉक्टर हातोडीला इतके महत्त्व देतात.

पाय आधी का, याचे कारण लांबी हे मानले जाते. पावलापर्यंत जाणाऱ्या तंतूवर मायलिनचे सुमारे हजार तुकडे असतात, चेहऱ्याकडे जाणाऱ्या तंतूवर त्या मानाने फारच थोडे. हल्ला सरसकट असेल, तर जेथे तुकडे जास्त तेथे साखळी तुटण्याची शक्यता जास्त. हल्ला करणारी प्रतिकारशक्ती आपलीच असते. जुलाबाच्या जंतूंपैकी कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जंतूच्या आवरणातील काही रेणू चेतातंतूंवरील रेणूंसारखे असतात, म्हणून जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चेतातंतूंवर चालून जातात. त्या साथीतील काही रुग्णांच्या नमुन्यांत हा जंतू आढळला होता. मेंदू आणि मेरुरज्जूतील मायलिन वेगळ्या जातीच्या पेशी तयार करतात आणि त्याची घडणही वेगळी असते, त्यामुळे तो भाग बचावतो.

या आजाराच्या एका प्रकारात मायलिनऐवजी अक्षतंतूवरच घाव बसतो. अक्षतंतू मुळातून तुटला तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतच्या एका मीटरला हजार दिवस लागतील. मायलिन मात्र जागच्या जागी भरून येते. श्वान पेशी विभागतात आणि काही आठवड्यांत पुन्हा गुंडाळायला लागतात. मामांच्या अहवालात वेग कमी झाला आहे, याचा अर्थ त्यांचा आजार मुख्यतः मायलिनचा होता.

भोरकर:

विषयाला धरून एक अनुभव. आमच्या शेतावरील एका सालगड्याला पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावला. दुखले नाही, म्हणून त्याने लक्ष दिले नाही. पहाटे त्याच्या पापण्या मिटू लागल्या, मग बोलणे अडखळले, गिळता येईना आणि शेवटी श्वास थांबू लागला. पुण्यात आणून नऊ दिवस कृत्रिम श्वासावर ठेवले तेव्हा वाचला. नंतर त्याने सांगितले की त्याला आजूबाजूचे सर्व बोलणे ऐकू येत होते, फक्त डोळे उघडता येत नव्हते. येथे लुळेपणा वरून खाली आला, तुमच्या मामांना खालून वर गेला. हेही चेतातंतूंचे आवरणच का?

शरीरक्रिया:

नाही, आणि हा फरक अतिशय महत्त्वाचा आहे. मण्याराच्या विषात तंतूतील आवेग शेवटपर्यंत व्यवस्थित पोहोचतो, पण शेवटची पायरी उतरू शकत नाही.

अक्षतंतूचे टोक आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये मिलिमीटरच्या काही लाखांश एवढी फट असते, आणि आवेग ही फट विजेच्या रूपात ओलांडत नाही. टोकाशी आवेग आला की कॅल्शियम आत शिरते, ॲसिटिलकोलिन या रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला भिडून फुटतात, ते रसायन पलीकडे जाऊन स्नायूवरील ग्राहकांना, म्हणजे ते पकडणाऱ्या रेणूंना, चिकटते आणि स्नायूत नवा आवेग सुरू होतो. लगेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते रसायन तोडून टाकते, नाहीतर स्नायू आखडूनच राहिला असता. शेतातील ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशके याच विकराला निकामी करतात, म्हणून फवारणी करताना तोंड आणि हात झाकणे जिवाचा प्रश्न असतो. अशा जोडणीला सिनॅप्स किंवा संपर्कस्थान म्हणतात. येथे जाणारा अर्धा-एक मिलिसेकंद हा वर सांगितलेल्या वजाबाकीतील वेगळ्या वेळेचा एक भाग आहे.

संदेश रसायनाने जातो, हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये दोन बेडकांच्या हृदयांवर दाखवले. एका हृदयाची व्हेगस चेता, म्हणजे हृदयाची गती मंद करणारी चेता, उत्तेजित करून ते मंद केले आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. कोणत्याही चेतेला न छेडता दुसरेही मंद झाले.

नागाचे विष स्नायूवरील ग्राहकांवर बसते. मण्याराचे विष मुख्यतः अक्षतंतूच्या टोकावर घाव घालते, त्यातील पिशव्या संपवते आणि टोकच निकामी करते. एकदा झालेले हे नुकसान प्रतिविषाने उलटत नाही, टोक नव्याने तयार व्हावे लागते, म्हणून तुमच्या माणसाला नऊ दिवस लागले. उशीर झाला तर विष आणखी टोके निकामी करत जाते, त्यामुळे चावल्याची शंका आली तरी रात्रीच दवाखाना गाठावा. पापण्यांचे आणि डोळ्यांचे स्नायू अशा विषांना सर्वांत आधी दाद देतात. मेंदूपर्यंत हे विष पोहोचत नाही. त्या माणसाला सगळे ऐकू येत होते, ते त्यामुळेच. अशा रुग्णाच्या उशाशी बसून तो बेशुद्ध आहे असे समजून कोणी काही बोलू नये, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगते.

मुठाकाठ:

कालच मामांची दुसरी तपासणी झाली. घोट्यापासून ५.९, गुडघ्यापासून १४.३ आणि अंतर तेच. तंत्रज्ञांनी आकडा सांगण्याआधी मी भ्रमणध्वनीवर भागाकार केला, तो ३८ आला. हातोडीने ठोकल्यावर उजवा पाय किंचित उडाला, डावा अजून नाही. शटर ते दोन हातांनी स्वतः उघडतात. परवा अनवाणी चालताना उंबरठ्याला अंगठा ठेचला, तेव्हा आधी चमक आली आणि क्षणभराने आग झाली, असे त्यांनी मुद्दाम मला सांगितले. वेग ४० च्या खालीच राहिला याची मात्र त्यांना काळजी वाटते.

शरीरक्रिया:

ती चमक आणि ती आग दोन वेगळ्या तंतूंची. चमक मायलिन असलेल्या बारीक तंतूंतून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने येते, आग मायलिन नसलेल्या तंतूंतून सेकंदाला मीटरभर वेगाने, म्हणून अंगठ्यापासून मेंदूपर्यंत यायला तिला दीड सेकंद लागतो. दोन्ही वेगवेगळ्या जाणवल्या, हे चांगले लक्षण आहे.

वेगाची काळजी करू नये. भरून आलेले मायलिन मूळच्यापेक्षा पातळ असते आणि त्याचे तुकडे आखूड असतात, म्हणजे गाठी वाढतात आणि प्रत्येक गाठीवर थोडा वेळ जातो. पूर्ण बरे होऊन धावू लागलेल्या माणसाचा वेगही कायम थोडा कमी राहू शकतो, पण शक्ती ही वेगावर अवलंबून नसून किती तंतूंतून संदेश पोहोचतात यावर अवलंबून असते. अहवालात वेगाच्या शेजारी मिलिव्होल्टमध्ये एक आकडा असेल, त्यावरून याचाच अंदाज येतो; तो पहिल्या तपासणीपेक्षा वाढला आहे का ते पाहावे. पुढच्या तपासणीच्या वेळीही पाय आठवणीने शेकून घ्यावेत, म्हणजे तिन्ही अहवालांची तुलना करता येईल.